लाल गोंड्याचा याक

दुसऱ्याचा याक मेला म्हणून जळणारा माणूस आमच्या खोऱ्यात एकच, नोर्ग्ये.

पहिला बर्फ शिंपडून गेला त्याच आठवड्यात हिमबिबट्याने त्सेफेलची दुभती याकमादी मारली. घराच्या वरच्याच उतारावर मारली आणि तीन दिवस तिथंच बसून खाल्ली. त्सेफेलकडे उतरलेले पाहुणे अंगणात चहाचे वाडगे हातात घेऊन बसल्या जागेवरून बघत होते. गाव हळहळायला गेलं. नोर्ग्येही गेला. त्सेफेल त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. ओढा ओलांडला की घर. न जाऊन चालणार कसं?

लोणी घातलेला चहा दोन वाडगे पिऊन झाल्यावर नोर्ग्ये म्हणाला, "दाजी, नशीब लागतं."

"नशीब? चरवीभर दूध द्यायची ती."

"तेच म्हणतोय. माझे सोळा याक याच डोंगरात चरतात. ते काय कडू आहेत?"

त्सेफेल हसला. तो हसतो, हीच नोर्ग्येची मोठी तक्रार.

पाहुण्यांची वही माझ्याकडे असते. दर वसंतात आमची सतरा घरं आपापला खूण केलेला खडा एका टोपीत टाकतात. ज्या क्रमाने खडे निघतील त्या क्रमाने, जनावरं बघायला शहरातून आलेले पाहुणे घरोघर जातात. निवड कुणालाच नाही, ना पाहुण्याला, ना घराला. आणि आमिष लावायचं नाही, अशी सगळ्यांनी मठात शपथ घेतलेली. कुणाच्या पाहुण्यांना काय दिसलं ते मी लिहिते. त्सेफेलच्या पानावर हिमबिबट्या सात वेळा. नोर्ग्येच्या पानावर भरल नावाची रानमेंढरं, कोल्हा, गिधाड, लांडगा, पुन्हा भरल. एकदा कुत्रा. तो पाहुण्यांनी हट्टाने लिहायला लावला होता, दुसरं काही दिसलंच नव्हतं म्हणून.

त्सेफेलकडून परतताना ओढ्यावरच नोर्ग्ये थांबला. "आचे, लिहून घे." गावातले सगळे मला आचेच म्हणतात, थोरली बहीण. "माझी पाळी आता आलीच आहे. या खेपेला माझ्या पाहुण्याला बिबट्या दिसला नाही, तर माझा खडा टोपीतून कायमचा काढा."

"तुझ्या बायकोला विचारलंस?"

"लिही तू."

चारचौघं ऐकत होते. मी लिहून घेतलं. माणसाचं बोलणं त्याच्यासमोर कागदावर उतरवलं की तो मवाळ होतो, असा माझा अनुभव. नोर्ग्ये झाला नाही. त्याची बायको ल्हात्सो मात्र माझ्यावर चार दिवस रागावली. "वर्षातून तीनदा बाहेरचं माणूस दारात येतं. तेवढीच मला चार गोष्टी ऐकायला मिळतात. तेही याच्या जळण्यात घालवा, आणि तू लेखणी घेऊन तयारच."

पाहुणी आली ती चेंगदू शहरातली, ओउयांग बाई. निवृत्त शिक्षिका, चौसष्ट वर्षांच्या, गुडघे दुखरे, बिबट्याची हौस तरुणाला लाजवेल अशी. मुक्काम चार दिवसांचा. पहिले दोन दिवस त्यांना भरल दिसले. "भरलसुद्धा किती देखणे असतात," बाई म्हणाल्या. नोर्ग्येला हे समाधानच जास्त झोंबलं. पाहुणीने तक्रार केली असती तर निदान भांडता आलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले, तर ल्हात्सो दही घुसळत होती आणि रवीवर राग काढत होती.

"काल कळपात पंधराच आले," ती हळू आवाजात म्हणाली. "गोंड्याचा याक नाही."

मी चरकलेच. तीन वर्षांपूर्वी नोर्ग्येची फुप्फुसं सुजली होती, जगेल असं कुणाला वाटत नव्हतं. तेव्हा लामांनी सांगितलं म्हणून ल्हात्सोने त्याच्या जिवाखातर एक याक सोडला होता. कानात लाल गोंडा बांधला, की त्या जनावराला सुरी नाही, बाजार नाही. ते आपल्या मरणाने मरेल तोवर मोकळं.

"विचारलंस त्याला?"

"विचारलं. म्हणे, हाकलला नाही, वरच्या घळीतून आणायला विसरलो. विसरायचं नाही अशी शपथ कुठे घेतलीय? मी म्हटलं, अरे, तो तुझ्या जिवासाठी सोडलेला. तर म्हणतो, कापता येत नाही, विकता येत नाही, लोकर निघते दोन मुठी. बिबट्याला काय गोंड्याचा अर्थ कळतो?"

ल्हात्सोच्या डोळ्यांत पाणी होतं. मी उठले आणि घरामागच्या टेकाडावर गेले. नोर्ग्ये तिपाईवरच्या दुर्बिणीला डोळा लावून वरची घळ धुंडाळत होता. बाई खालून, काठी टेकत, दर दहा पावलांना थांबत येत होत्या.

"सापडला का तुझा याक?" मी विचारलं.

तो दचकला. "घळीत नाहीये," म्हणाला, आणि दुर्बीण हळूहळू फिरवत ओढ्यापलीकडे नेली. मग त्याची पाठ ताठ झाली.

मी माझी छोटी दुर्बीण लावली. त्सेफेलच्या गोठ्याच्या वर, दगडांच्या रांगेत, लाल गोंडा हलत होता. मोकळा याक, गेला होता मिठाला. त्सेफेल गोठ्यापुढच्या सपाट दगडावर जनावरांसाठी मीठ ठेवतो. आणि याकाच्या वर, दगडाच्याच रंगाचं काहीतरी पोट जमिनीला घासत खाली सरकत होतं. आधी मला फक्त शेपूट कळली.

नोर्ग्येने ओरडायला हवं होतं. त्याचा आवाज पलीकडे सहज पोचतो. बहिणीशी तो रोज ओढ्यावरूनच भांडतो. पण ओरडला तर बिबट्या पळणार, आणि बाई अजून चाळीस पावलं खाली. मी मनात आकडे मोजले. सवय आहे मला. सहा झाले, आठ झाले. त्याने एकदा मागे वळून बाई किती वर आल्यात ते पाहिलं. अकरा झाले. तोंड त्याने उघडलं नाही. मग लक्षात आलं, मीही उघडलं नव्हतं. मी मोजत बसले होते.

ओरडला तो त्सेफेल. गोठ्यातून बिनटोपीचा धावत आला, गोफण गरगर फिरवत. "नोर्ग्येचा याक! अगं, नोर्ग्येचा गोंड्याचा याक!" बायकोला सांगत होता. दगड सुटला, कातळावर फुटला. बिबट्या उलटा फिरला आणि उघड्या बर्फावरून सरळ वर निघाला. लपायला जागाच नव्हती. कड्यापर्यंत पोचायला त्याला चांगला मिनिटभर लागला, आणि त्या मिनिटात ओउयांग बाई वर आल्या आणि त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. कड्यावर पोचून तो थांबला, एकदा खाली पाहिलं, मग गेला. बाईंनी डोळे पुसले आणि नोर्ग्येचे दोन्ही हात धरले. "तुमचे उपकार," म्हणाल्या.

नोर्ग्येचा चेहरा मी नीट पाहिला. नुसता अपराधी वाटला असता तर मी इथे तसं लिहिलं असतं. थोडा होताही. बाकीचा, मिरची चावलेल्या माणसाचा.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. "काय लिहिलंस?"

"हिमबिबट्या, एक. नोर्ग्येचं घर. तुझा खडा राहिला टोपीत."

"कुठे दिसला, तेही लिहिलंस?"

"तसा रिवाज आहे. त्सेफेलच्या गोठ्यावर."

त्याने वहीचं पान स्वतःकडे फिरवलं. तो का ओरडला नाही हे मी काढलं नाही, मी का ओरडले नाही हे त्याने. शेवटी म्हणाला, "माझ्या पानावर एकदाचा आला, तोही त्याच्या डोंगरावरून. त्यानेच पळवून दाखवलेला."

"याक वाचवला त्याने. तुझ्या जिवाचा."

"माहीत आहे," तो चिडून म्हणाला. "म्हणून तर."

याक नंतर परतलाच नाही. नोर्ग्येने दोनदा जाऊन हाका मारल्या. तो त्सेफेलच्या दगडावरचं मीठ चाटत उभा, कानातला गोंडा हलवत. ओढायची सोय नाही. सोडलेलं जनावर, मनाला येईल तिथे राहणार. तिसऱ्यांदा नोर्ग्ये खिशात मीठ घेऊन निघाला, तेव्हा ल्हात्सोने मला हाक मारून ओढ्याकडे बोट दाखवलं.

"बघ, आचे. आता याकावरून जळणं सुरू झालं."