बिंदू पिकेपर्यंत

माणसाची नजर म्हणजे देवाने शिवलेला सर्वांत पक्का कपडा. तो विटेल, पण उसवणार नाही. टेलरमास्तरांनी दुकानात हे जाहीर केलं, रुबाबात मागे वळले आणि कोट चढवलेल्या लाकडी पुतळ्याला धडकून म्हणाले, "माफ करा साहेब, बसा ना."

पुतळा बसला नाही. काजं करत बसलेल्या बायकोने सुई खाली ठेवली.

"उद्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं."

"कशाला? एका दमात दोरा ओवतो मी. ओवून दाखवू?"

"सुई दिसते हो तुम्हाला. सुईशेजारचा माणूस दिसत नाही."

यात खोटं काही नव्हतं. समोरचं सगळं मास्तरांना लख्ख दिसे. कडेकडेचं जग मात्र कुणीतरी गुपचूप कातरत आणलं होतं. सायकल, उंबरठा, दाराची चौकट, सगळं ऐन वेळी अंगावर उगवायचं. तरी मास्तर बिनघोर होते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी 'काचबिंदू' असं सांगून डोळ्यांत घालायला थेंब दिले होते. मास्तरांनी त्यातला 'बिंदू' तेवढा ऐकला. थोरल्या भावालाही बिंदूच झाला होता. तो पिकला, काढला, आणि भाऊ आठवड्याभरात वहिनीच्या सुरकुत्यांवर टीका करू लागला. काच काय नि मोती काय, घराणं एकच, असं ठरवून मास्तर बिंदू पिकायची वाट बघत बसले. थेंबांनी काडीचा फरक पडेना, म्हणून तेही सोडून दिले.

दवाखान्यात त्यांना पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. नजर मधोमध ठेवायची आणि कडेला बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. शाळेत मास्तरांचा कधी नंबर आला नव्हता. ही संधी त्यांनी सोडली नाही. दिसो न दिसो, बटण दाबतच राहिले.

"मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उजेड दाखवलाच नव्हता, तेव्हाही तुम्हाला दिसला."

"माझी नजर जरा पुढचं बघते."

"पुन्हा बसा. आता खरं खरं."

या खेपेला बटण क्वचितच वाजलं. बाईंनी निकालाचा कागद समोर धरला. दोन्ही डोळ्यांच्या जागी काळंकुट्ट, मधोमध नाण्याएवढी पांढरी खिडकी.

"म्हणजे पिकला!" मास्तर उदारपणे म्हणाले. "काढून टाका."

"पिकतो तो मोतीबिंदू. तिथे भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. तुमच्या डोळ्यांत दाब वाढून मागची नस सुकली आहे. गेली ती नजर परत येत नाही."

"रफू वगैरे?"

"नाही हो."

मास्तर हसायला गेले, ते जमलं नाही. "पण थेंबांनी फरक तर पडत नव्हता."

"फरक पडू न देणं हेच त्यांचं काम होतं, मास्तर. आता उरलंय ते तरी राखू. थेंब रोज. दाब उतरला नाही तर ऑपरेशन, तेही राखणीपुरतंच. आणि मुलीचे डोळे तपासून घ्या. हे घराण्यात उतरतं."

घरी आल्यावर बायकोने त्यांना खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, मान मागे टेकवली आणि बाटलीचं बूच उघडलं. तसे मास्तर बोलू लागले.

"पोरीला द्यायला काही जमवलं नाही, म्हणून झुरत होतो गं. द्यायला निघालं ते हे. कापड चुकलं तर दुसरं आणतो आपण. डोळे कुठून आणू? दोन वर्षं, अगं, दोन वर्षं मी वाट बघत बसलो. तुझं नाक दिसतंय मला. कान नाही दिसत. उद्या नाकही जाईल, मग नुसता आवाज उरेल, मग मी..."

"अहो," ती म्हणाली, "जरा गप्प बसा ना. तुम्ही बोललात की डोळा हलतो."