गाडीची खांदेमळणी

आमच्या गावात पोळ्याला तोरणाखाली पहिला मान पाटलांच्या बैलांचा, दुसरा आमच्या. दुसऱ्या मानाला नारळ मिळत नाही, फेटा मिळत नाही. पाटलांच्या बैलांच्या शेपट्या जवळून बघायला मिळतात. तरी आमच्या चार पिढ्या त्यासाठी जगल्या.

यंदा अडचण एकच होती. आमच्याकडे बैल नव्हते. एक म्हातारपणानं गेला, दुसऱ्याला करमेना म्हणून मामाकडं पाठवला. मोसंबीच्या क्रेटपासून खताच्या गोणीपर्यंत सगळं वाहायला उरली ती आमची चौदा वर्षांची छोटी पांढरी गाडी.

"मंग दुसरा मान आता माझ्या जोडीला द्या," शेजारचे अप्पारावकाका पारावर म्हणाले.

माझे वडील, रखमाजी, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, ते उठले. "मान राबणाऱ्याला असतो ना? आमची गाडी राबती. गाडी येईल."

पारावरची सगळी तोंडं पाटलांकडं वळली. पाटलांनी बराच विचार केला. "येऊ द्या. पण सवताच्या पायानं यायचं आन तोरणाखाली बराबर थांबायचं. ढकलत आणली न्हाईतर थांबली न्हाई, तर मान अप्पारावचा. कायमचा."

घरी येऊन आबा मला म्हणाले, "तृप्ते, तू जालन्याला मोटार मेकॅनिकचं शिकून राह्यलीस. आठ दिवस हायेत." आयटीआयच्या दुसऱ्या वर्षावर एवढा विश्वास आमच्या सरांनीही कधी टाकला नव्हता.

मी कामाला लागले. जुनं ऑइल काढलं, ते काकवीसारखं घरंगळत आलं. एअर फिल्टर झटकला तर कोंड्यासकट एक टोळ निघाला. तोही नाराज दिसला. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी गरम पाण्यानं धुतली, प्लग बदलले. पोळ्याच्या आदल्या दिवशी पुढच्या ब्रेकला नवे पॅड घातले आणि चाकं बसवायची ठेवून चहाला गेले. परत आले तर आबांनी चाकं लावून नट आवळलेसुद्धा होते. मला कौतुक वाटलं. तिथंच चुकलं.

पोळ्याच्या सकाळी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. गल्लीच्या वळणावर ब्रेक दाबला. गाडीनं ऐकून घेतलं, पण मनावर घेतलं नाही. शांतपणे अप्पारावकाकांच्या कडब्याच्या गंजीत शिरली.

काका गंजीमागून बाहेर आले. "थांबली बरं का!" म्हणाले.

चाकातून शिऱ्याचा वास येत होता.

"आबा, ब्रेकच्या चकतीला काय लावलं?"

"तूप आन हळद. काल बैलाची खांदेमळणी न्हवती का? जू घासून दुखतो तो खांदा चोळायचा. आता हिचा खांदा कुठं ते कळंना. मंग जी जागा घासून घासून चकाकली व्हती, तीच चोळली. आवतणबी दिलं, उद्या जेवायला ये म्हणून."

ब्रेकच्या चकतीची एवढी बरोबर व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती.

तूप प्यालेला पॅड धुऊन उपयोगाचा नसतो, नवाच लागतो. दहा वाजले होते, चारला रांग. अप्पारावकाकांनी स्वतःच्या मोटारसायकलची किल्ली पुढं केली. "जा जल्दी. उद्या म्हणशील काकानं गंजीत अडवलं."

जवळच्या तीर्थपुरीत हरिओमचं स्पेअर पार्टचं दुकान बंद. तो मागच्या हौदावर बैल घासत होता.

"आज बिलकुल न्हाई. बैलाच्या सणाला मी लोखंडाला हात लावत न्हाई."

"बैलाच्याच कामाला पाहिजे. ब्रेक पॅड."

"बैलाला?"

"पोळ्याच्या रांगेत आमची गाडी हाये."

त्यानं बैलाकडं पाहिलं. बैलानं माझ्याकडं पाहिलं. शटर उघडलं.

हरिओमनं दोन डबे ठेवले. एक चमचमता, त्यावर तीन स्टिकर. दुसरा धुळीचा. मी रुमालातून जुना पॅड काढून पाठीला पाठ लावली. चमचमत्याचा पत्रा टोकाच्या कानापाशी किंचित रुंद निघाला.

"बसंल की. जरा कानस मारायची."

"ब्रेकला 'बसंल की' चालत न्हाई, भाऊ." धुळीच्या डब्यातल्याची लांबी, कान, नंबर सगळं तंतोतंत जुळलं. डबा बघूनच घ्यायचं असतं तर मी पेढे घेतले असते.

घरी चकत्यांचा ताबा आईनं घेतला होता. "तुपाचं भांडं हाये, राखंनंच निघंल," म्हणत तिनं गरम पाण्यानं अशा घासल्या की मला तोंड दिसलं. वरून मी पॉलिश पेपर मारला, पॅड बसवले. आबांना चाकापासून दहा फूट लांब, झूल शिवायला बसवलं.

नव्या पॅडला आधी हळूहळू दाबून सवय लावावी लागते. म्हणून मी रस्ताभर थोडं चालवायचं, हलकेच थांबायचं, असं करत निघाले. प्रत्येक थांब्याला गाडीचं नाक खाली झुकायचं. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना वाटलं, नमस्कार करतेय. तिघींनी उलटा नमस्कार केला. एकीनं बॉनेटला कुंकू लावून "औक्षवंत हो" म्हटलं.

तोरणाखाली पाटलांची जोडी उभी होती. मागून मी: बॉनेटवर झूल, आरशांना गोंडे, नंबरप्लेटभोवती बेगड. सगळं गाव चाकाकडं बघत होतं. आबा डोळे मिटून. मी ब्रेक दाबला.

गाडी थांबली. शेपट्यांपासून बरोबर एक हात.

पोळ्याची मंगलाष्टकं सुरू झाली. दर "सावधान"ला मी पाय आणखी जोरात दाबला. इंजिन एका लयीत घुमत होतं, अक्षता वायपरमध्ये साचत होत्या. तोरण तुटलं, बैल उधळले, आणि त्यांच्यामागं आम्ही मारुतीला पूर्ण फेरी मारून देवळासमोर पुन्हा उभे.

"थांबली बरं का!" अप्पारावकाका मागून ओरडले आणि स्वतःच्या बैलांचा गुलाल माझ्या टपावर उधळला.

संध्याकाळी आईनं गाडीला ओवाळलं. आबा पुरणपोळीचं ताट घेऊन गाडीभोवती दोनदा फिरले.

"आवतण दिलंय, आता उपाशी कसं ठेवावं? तृप्ते, तोंड कुठंय हिचं?"

मी आधी पेट्रोलच्या टाकीला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि मानकऱ्याच्या वतीनं चार पोळ्या खाल्ल्या.