खिडकीकडची खुर्ची

नर्सबाईंच्या नवऱ्याला शिळाछाप चित्रांचं वेड होतं. दगडावर चित्र उलटं काढायचं, शाई फिरवायची, कागद ठेवून हातानं दाबयंत्र ओढायचं आणि ठरलेल्या प्रती निघाल्या की दगड घासून कोरा करायचा. मग ते चित्र पुन्हा निघत नाही. हे तो जेवताना सांगे, दूध उतू जात असतानाही सांगे. "जवळ येऊन बघ, दोन प्रती कधी सारख्या नसतात!" पालथ्या घड्यावर पाणी. बाईंना एवढंच कळे, की झाडू टेकवायलाही भिंत उरलेली नाही. एक चित्र तर न्हाणीघराच्या दारावर होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. या हौसेला धरबंदही नव्हता.

तो गेला आणि बाईंना काहीच झालं नाही. भूल दिलेल्या जागी चिमटा काढावा, तसं. माणसं भेटायला आली, तर याच त्यांची समजूत घालत बसल्या. आपण दगड आहोत की काय, अशी त्यांना आता भीती वाटायला लागली होती.

लेक राहायला आली ती खोकी घेऊनच. "आई, ही चित्रं एका संग्राहकाला देऊन टाकू. बघून बघून तुला उगाच त्रास."

"मला कसला त्रास? दे की."

तेवढ्यात छापखान्यातून फोन आला. छापखानेवाला नवऱ्याचा जुना दोस्त. "वहिनी, त्यानं शेवटी स्वतः एक चित्र काढलं होतं. छापायचं राहिलं. दगड मला दुसऱ्या कामाला लागतोय. घासण्याआधी एखादी प्रत काढू का?"

"घासून टाका, भाऊजी," बाई म्हणणार होत्या. पण लेक शेजारीच उभी होती. तिनं डोळे वटारले, म्हणून त्या गेल्या.

छापखान्यात शाईचा वास कोंडला होता. भाऊजींनी दगड ओला केला, रूळ फिरवला, दाबयंत्राचं चाक ओढलं आणि कागद अलगद सोलून काढला. चित्रात बाईंचं स्वयंपाकघर होतं. टेबलाशी दोघं बसलेली. बाई जवळ जाऊन बघायला लागल्या.

"हे चुकलंय, भाऊजी. खिडकीला पाठ करून हे बसायचे. मी शेगडीकडे."

भाऊजींनी चष्मा पुसला आणि हसू दाबलं. "खोली उलटी काढायची लक्षात ठेवली पठ्ठ्यानं. माणसं मात्र सवयीनं सुलटीच काढली! म्हणून तुम्ही त्याच्या खुर्चीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चित्रांतल्या चुका काढल्या यानं! की मुद्दाम केलं असेल?"

"छे! मुद्दाम एवढं सुचायचं नाही त्यांना. पण प्रत द्या. काढलीत छापून, तर द्या."

ती खिडकीकडची खुर्ची म्हणजे बाईंची जुनी अढी होती. आपण शेगडीशी भाजायचं आणि साहेबांनी हवेशीर जागा पकडायची! नव्या नवरीनं मागायचं कसं, म्हणून तेव्हा गप्प बसल्या. पुढे हट्टानं गप्प बसल्या. त्या खुर्चीत त्या कधी टेकल्यासुद्धा नाहीत. तो गेल्यावरही नाही.

घरी आल्यावर त्यांनी प्रत टेबलावर पसरली आणि चित्रातल्यासारख्या त्या खुर्चीत जाऊन बसल्या. खिडकी लावलेली होती. तरी थोड्या वेळात मान गारठली. त्यांनी मागे हात नेला. चौकटीच्या फटीतून वाऱ्याची बारीक, टोचणारी धार येत होती. फटीत कागदाच्या घड्या कोंबलेल्या होत्या, कोपऱ्यातल्या जुन्या, पिवळ्या पडलेल्या. एक ओढून बघितली. छापताना बिघडलेल्या प्रतीची पट्टी होती.

प्रत्येक थंडीत मान धरते म्हणून तो कुरकुरायचा. "उशी बदला," असं याच सांगायच्या. आणि रुग्णांची मलमपट्टी करून थकलेल्या हातांनी त्याची मान चोळून द्यायच्या.

समोर शेगडी होती आणि त्यांची स्वतःची उबदार, रिकामी खुर्ची.

लेक खोकं घेऊन दारात आली. "आई? काय होतंय?"

"इथे फार वारा लागतो गं," बाई म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं. "एका शब्दानं बोलले नाहीत. ते खोकं ठेव खाली. भिंतीवरचं एकही काढू नकोस."