झालं म्हणायची वेळ

“अगं, शर्ट टेबलावर आहे. भिंतीला कसली इस्त्री करतेस?” नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारलं.

सिस्टर उजव्या हातात थंड इस्त्री खांद्याच्या रेषेत धरून उभ्या होत्या. डावा हात खिशात होता आणि नजर कॅलेंडरवरच्या एका तारखेवर.

“बोलू नका. बारा, तेरा, चौदा...”

“वीस झाले की माझ्या शर्टाकडे वळणार का?”

“तुमचे हात काही मी बांधून ठेवलेले नाहीत. पंधरा.”

सिस्टर छप्पन्न वर्षांच्या. त्यांतली एकतीस वर्षं दवाखान्यातल्या लस टोचण्याच्या खोलीत गेली. गावातल्या निम्म्या दंडांना त्यांची सुई ठाऊक होती. गेल्या वर्षी दवाखान्यामागच्या नेमबाजी क्लबात सभासदांना धनुर्वाताची इंजेक्शनं द्यायला त्या गेल्या, तेव्हा तिथल्या तरुण प्रशिक्षकाने गंमत म्हणून त्यांच्या हातात छर्ऱ्यांचं पिस्तूल दिलं. पहिलाच छर्रा कागदाच्या मधोमध, दहाच्या घरात. तसे दहा पुन्हा फारसे भेटले नाहीत, पण त्यांना शोधायला सिस्टर दर शनिवारी चार वाजता जाऊ लागल्या.

त्याला आणखीही एक कारण होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांना बघून लोक रडत आले होते, आईमागे लपत आले होते. एकाने तर कडकडून चावा घेतला होता. हा कागद मात्र शांतपणे समोर उभा राहायचा. शनिवारचा तो तास त्यांचा एकटीचा होता.

आणि तोच आता जाईल की काय, अशी वेळ आली होती. क्लबात जागा पाच आणि ताटकळलेले लोक चाळीस. म्हणून नियम असा, की नवशिक्याने वर्षअखेरच्या स्पर्धेत चाळीस छर्ऱ्यांत चारशेपैकी निदान तीनशे गुण मिळवायचे. नाही मिळाले तर जागा पुढच्याला. सिस्टरची आजवरची मजल दोनशे एक्याऐंशी, आणि स्पर्धेला उरले होते आठ दिवस.

त्या शनिवारी प्रशिक्षकाने कागद ओढून जवळ घेतला. “सिस्टर, सगळे खाली. सहा, सहा, पाच, सहा. हात स्थिर आहे, श्वास बरोबर आहे. मग बिनसतंय कुठे?”

“चष्मा बदलू का, सर?”

“थांबा. पुन्हा मारा बघू.”

या वेळी तो कागदाकडे न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. पाच छर्ऱ्यांनंतर तो हसला.

“तुम्ही काहीतरी पुटपुटता.”

“मी? छे.”

“ओठ हलतात. आता मारताना स्वतःचं ऐका.”

सिस्टरनी नेम धरला, चाप ओढला आणि पिस्तूल टेबलावर ठेवून कपाळाला हात लावला. “‘झालं, झालं’ म्हणते मी.”

मूल घाबरलं की दंड आवळून धरतं आणि सुई जास्त दुखते. म्हणून टोचायच्या क्षणभर आधी सिस्टर म्हणायच्या, “झालं, झालं.” मूल निःश्वास सोडायचं, दंड सैल पडायचा आणि मग सुई जायची. इथे मात्र त्या शब्दाने सैल पडत होतं ते त्यांचंच मनगट, आणि छर्रा तर अजून नळीतच असायचा.

“म्हणजे इतके दिवस मी मलाच फसवतेय.”

“मलाही फसवलं होतंत. पहिलीत होतो. झालं म्हणालात म्हणून हसलो, आणि मग टोचलंत.”

“रडला होतास का रे?”

“ते सोडा,” प्रशिक्षक घाईने म्हणाला. “छर्रा गेल्यावरही हात तसाच राहिला पाहिजे. पाच आकडे मोजा. लक्षात कसं ठेवाल?”

सिस्टरनी विचार केला. “सुई काढल्यावर आम्ही कापूस दाबून धरतो. तोवर कोणाला उठू देत नाही.”

“मग इथेही कापूस धरा.”

पुढचे आठ दिवस घरात सरावाची इस्त्री वर गेली, की मागून नवऱ्याचा आवाज यायचा, “कापूस!” मधल्या वेळात तो आपल्या शर्टांना स्वतःच इस्त्री करत होता. एक कॉलर त्याने जाळलीही, पण सिस्टरचे आकडे चालू होते म्हणून तक्रार केली नाही.

स्पर्धेच्या दिवशी शेजारच्या जागेवर एक कॉलेजातली मुलगी दंड आवळून उभी होती. सिस्टर सवयीने म्हणाल्या, “बाळा, दंड सैल सोड.” आवाज ऐकताच मुलीने दंड झटकन मागे घेतला. मग दोघी हसल्या.

एका कागदावर दहा छर्रे, असे चार कागद. पहिल्यावर अडुसष्ट, दुसऱ्यावर चौऱ्याहत्तर, तिसऱ्यावर सत्त्याहत्तर. सिस्टर बेरीज करत नव्हत्या. मागे बाकावर दुर्बिणीतून बघणारा प्रशिक्षक आकडे कुजबुजत होता आणि नवरा ते बोटांवर मोजत होता. शेवटच्या कागदावर नऊ छर्रे गेले तेव्हा त्याची बोटं थांबली. दोनशे ब्याण्णव. हवेत आठ.

सिस्टरनी पिस्तूल उचललं. मनगट जरा हललं. त्यांनी ते खाली ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

“काय करतेय ही? वेळ संपेल,” नवरा पुटपुटला.

“तीन मिनिटं आहेत. बरोबर करतायत,” प्रशिक्षक म्हणाला.

मूल हललं तर सुई रेटायची नसते, मागे घेऊन पुन्हा सुरुवात करायची असते. सिस्टरनी तिसऱ्यांदा हात वर केला. ओठ मिटलेले होते. छर्रा सुटला. हात तसाच.

“सिस्टर, संपले चाळीस,” पंच म्हणाले.

सिस्टर हलल्या नाहीत. तीन, चार, पाच. मग पिस्तूल खाली ठेवून त्या हळूच म्हणाल्या, “झालं.”

नऊ होते. एकूण तीनशे एक.

“तीनशे पुरे होते,” नवरा बाहेर पडताना म्हणाला. “वरचा एक कशाला?”

“तो तुमच्या कॉलरचा.”

सोमवारी लस टोचण्याच्या खोलीत पहिली आली ती पाच वर्षांची एक मुलगी. डोळे आधीच भरलेले. टेबलावरच्या काचेखाली एक नवा कागद होता. गोल गोल रेघा आणि दहा भोकं.

“याला किती इंजेक्शनं दिली?” मुलीने विचारलं.

“दहा.”

“रडला?”

“नाही. पण याला मी खोटं सांगितलं नव्हतं. तुलाही नाही सांगणार. जरासं दुखेल.”

मुलगी कागदाकडे बघत राहिली. सिस्टरनी सुई टोचली, काढली, कापूस दाबून धरला. दोघींनी मिळून दहा आकडे मोजले.

“झालं?” मुलीने विचारलं.

“आता झालं,” सिस्टर म्हणाल्या, आणि दंडावरून हात काढला.