टाळूतला वैमानिक

कवळ्या बनवणाऱ्या माणसाने विमानं बनवू नयेत असा काही कायदा नाही. पण एकाच टेबलावर दोन्ही करू नयेत, एवढी अक्कल माणसाला हवी की नको? आमच्या कवळीकाराला ती नव्हती. डाव्या हाताला लोकांचे दात, उजव्या हाताला अंगठ्याएवढी लढाऊ विमानं, आणि मधे चहाचा कप. त्या कपात रंगाचा ब्रश बुडवून वर तोच चहा पिऊन टाकणारा हा माणूस.

विमानं शोकेसमध्ये ठेवायची नव्हती बरं का. दर शनिवारी फर्निचरच्या दुकानामागच्या खोलीत निळं कापड अंथरून, फासे टाकून त्यांच्या लढाया व्हायच्या. चांगली पोराबाळांची माणसं तोंडाने घूं घूं करत एकमेकांवर तुटून पडायची. नियम कडक होते. वैमानिक नसलेलं विमान टेबलावर चढणार नाही. आणि विमानाबरोबर पडलेला वैमानिक जिंकणाऱ्याला द्यायचा, कायमचा.

कवळीकाराचा वैमानिक आजवर कुणाच्या हाती लागला नव्हता. तांदळाच्या दाण्याएवढा तो माणूस सासरेबुवांनी रंगवला होता. जावयाला हा नाद लावला त्यांनीच. शेवटच्या आजारात, हात थरथरत असताना त्यांनी त्या दाण्याच्या गळ्यात निळा मफलर घातला, ओठावर स्वतःसारखी मिशी काढली आणि म्हणाले, "याला पडू देऊ नका." पुढच्याच आठवड्यात ते गेले. तेव्हापासून कवळीकाराचा जीव त्या दाण्यात अडकला होता.

आता झालं काय, विमानाची काच पिवळी पडली म्हणून त्याने ती उचकटली, वैमानिक बाहेर काढला आणि मेणाच्या ठिपक्यावर फळीच्या कडेला उभा केला. फळीच्या खाली सासूबाईंच्या नव्या कवळीचं गुलाबी मिश्रण मळून ठेवलेलं. ते त्याने साच्यात दाबलं, साचा उकळला, कवळी घासून चकचकीत केली आणि मोठ्या अभिमानाने सासूबाईंच्या हातात ठेवली. मग फळीकडे पाहिलं. नुसतं मेण!

त्याने केरसुणी झटकली, केराचा डबा उपडा केला, बायकोच्या चपलांचे तळवे भिंगाखाली तपासले. "माझ्या चपलेत कोण राहतंय?" बायको म्हणाली. तेवढ्यात समोर बसलेल्या सासूबाईंनी भलीमोठी जांभई दिली, आणि त्यांच्या टाळूवर, गुलाबी आभाळात, एक निळा ठिपका दिसला. कवळीकाराच्या तोंडचं पाणी पळालं.

"सासूबाई, कवळी जरा देता का? घासून देतो."

"कशाला? छान बसलीये."

"बोचत असेल."

"छे हो. मुळीच बोचत नाही."

"थोडी तरी बोचायला हवी," तो काकुळतीला आला.

"अहो, आईच्या तोंडाकडे काय टक लावून बघताय?" बायको कडाडली. मग त्याने सगळं कबूल केलं. काय करणार बिचारा!

सासूबाई उठल्या. भिंग घेऊन आत गेल्या, दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा कवळी तोंडात होती आणि डोळे लाल होते.

"हेच आहेत," त्या म्हणाल्या.

"हलक्या हाताने कोरून काढतो. तुम्हाला नवी कवळी करून देतो."

"हात लावू नका. जन्मभर संध्याकाळ झाली की त्या विमानांपाशी जाऊन बसायचे. आता जरा माझ्यापाशी बसू देत."

"पण शनिवारी निकालाची लढाई आहे! वैमानिकाशिवाय विमान चढवू देत नाहीत हो."

"मग मी येते," सासूबाई म्हणाल्या आणि ठेवणीतली पर्स शोधायला लागल्या.

शनिवारी पंचांनी कपाळाला हात लावला नाही, की हसलेही नाहीत. हे पंच एरवी दुकानांतले वजनकाटे तपासायचे. नियम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्यांनी बॅटरी पेटवली, "आ करा" म्हणाले, वाकून पाहिलं आणि जाहीर केलं, "वैमानिक हजर आहे. मात्र विमान चालवायचं ते याच बाईंनी."

सासूबाई खुर्ची ओढून बसल्या त्या अशा, की जणू खोली त्यांच्याच नावावर होती. पहिल्या फटक्यात त्यांनी स्वतःच्याच बाजूचं एक विमान उडवलं.

"अहो, ते आपलं होतं!" कवळीकार ओरडला.

"मग मधे कशाला आलं?"

त्यांनी समोरच्यांची अर्धी फळी झोपवली. पण शेवटी चष्म्याच्या दुकानवाल्याने फासे टाकले, आणि सासूबाईंचं विमान पडलं.  मरणाऱ्या माणसाने एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही कवळीकाराला जमली नाही.

चष्मेवाल्याने हात पुढे केला. "नियमाप्रमाणे वैमानिक माझा."

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले. मग हाताआडून, एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "एकदा देवाला दिले. पुन्हा नाही देणार."

 चष्मेवाल्याचा हात तसाच लोंबकळत राहिला. कवळीकार सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागला. पंचांनी पुन्हा बॅटरी पेटवली.

"आ करा."

त्यांनी नीट पाहिलं, डावीकडून, उजवीकडून.

"विमान पडलं," ते म्हणाले. "वैमानिक पडलेला नाही. जागेवर आहे. पडलेला नाही, तर देण्याचा प्रश्न येत नाही."

चष्मेवाल्याने हात मागे घेतला आणि त्याच हाताने चष्मा पुसला.

घरी परतताना कवळीकाराने सासूबाईंची पर्स धरली होती. कोपऱ्यावर त्या थांबल्या, जिभेने टाळू चाचपली आणि म्हणाल्या, "मिशी मात्र इतकी झुपकेदार नव्हती हो त्यांची."