साडूची जीप

चाटी गल्लीत पंचाक्षरीचं चादरींचं दुकान होतं आणि बरोबर समोर त्याच्या धाकट्या साडूचं, सिद्धप्पाचं. दोघांत मिळून एक वर्तमानपत्र येई. मान थोरल्या जावयाचा, म्हणून पंचाक्षरी ते आधी वाचायचा, तेही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. पण गड्याची वाचायची तऱ्हाच निराळी. जगात काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्यातून सिद्धप्पाचं काय बिघडेल, एवढंच तो शोधायचा.

सूत महागलं की याचा चेहरा खुलायचा. आपल्यालाही तेच सूत घ्यायचंय, हे संध्याकाळी आठवायचं. एकाहत्तर साली लढाई जुंपली तेव्हा रेल्वेचे डबे फौजेला लागणार आणि साडूच्या चादरींच्या गाठी स्टेशनात कुजणार, या विचारानं तो नुसता मोहरून गेला. झालं उलटंच. लष्करी दवाखान्यांना चादरी हव्या झाल्या आणि ते काम सिद्धप्पाला मिळालं. पंधरवड्याच्या आत लढाई जिंकली, सगळं सोलापूर नाचलं. पंचाक्षरीही गुलाल लावून नाचला, पण मनात एकच, आता तरी साडूचं ते काम रद्द होतंय का. ते काही झालं नाही.

स्कूटरचे नंबर मात्र दोघांनी एकाच दिवशी लावले होते. म्हणजे लावायला निघाला होता सिद्धप्पा. हा मागून धावत गेला आणि रांगेत त्याच्यापुढं घुसला. त्याला आता सहा वर्षं झाली होती. पंचाक्षरीची बायको रत्नम्मा ती सहा वर्षं एकाच आशेवर होती. तिची आई, अव्वा, अक्कलकोटला अंथरुणाला खिळलेली. एस.टी.नं जाऊन यायचं तर सगळा दिवस मोडायचा. गाडी आली की दर सोमवारी अव्वाला भेटून येता येईल, एवढंच तिचं म्हणणं.

त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरात दोघांनाही पत्रं आली. गाडी तयार आहे, पंधरा दिवसांत पैसे भरा. आणि त्याच आठवड्यात पेपरात बातमी, पेट्रोल कडाडलं.

पंचाक्षरीच्या अंगात वारं शिरलं. सिद्धप्पा भोंगा वाजवत गल्लीत शिरतोय, हे चित्र त्याला सहा वर्षं छळत होतं. आपल्या दारात स्कूटर असली तरी समोरच्या दारातली काही डोळ्यांआड होणार नव्हती. तो पेपर घेऊन तडक समोर गेला.

"सिद्धप्पा, खुळा हायेस का? उद्या पेट्रोल रेशनवर मिळंल. मग स्कूटर काय चाटायची? मी तर सोडली बघ."

आणि साडूच्याच गादीवर बसून, त्याच्याच पेनानं, नंबर नको असल्याचं पत्र त्यानं खरडलं. सिद्धप्पानं डोकं खाजवलं. थोरला जावई स्वतःची सोडतोय म्हणजे त्यात काहीतरी तथ्य असणार. त्यानंही लिहिलं. दोन्ही पत्रं पंचाक्षरीनं स्वतः जाऊन पेटीत टाकली. न जाणो, साडूचं मन फिरलं तर!

"पेट्रोल लई महागलं की," घरी तो म्हणाला. रत्नम्मा भाकरी थापत राहिली. पंचाक्षरीनं त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्याच आनंदात एका सकाळी त्यानं वाचलं, पुण्यात लष्कराच्या जुन्या जीपांचा लिलाव. "घ्या रे भंगार कुनी!" तो ओरडला. गल्ली हसली. सिद्धप्पाही हसला, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं दुकान बंद होतं.

महिन्याभरानं जीप आली. हिरवा रंग तसाच, आत नवं डिझेलचं इंजिन. नारळ फोडून सिद्धप्पा धावतच पंचाक्षरीकडं आला. "साडू, तुमीच डोळं उघडलं की! पेट्रोलच्या नादी लागू नगं म्हनला, म्हनून डिझेल बशिवलं."

पंचाक्षरी दोन चाकं अडवायला गेला आणि चार आली.

आठ दिवसांनी दुपारी अक्कलकोटहून माणूस आला, अव्वाचं काही खरं नाही. सिद्धप्पानं लगेच जीप काढली. त्याच्याशेजारी त्याची बायको, रत्नम्माची धाकटी बहीण कमलम्मा बसली, मागे रत्नम्मा आणि पंचाक्षरी. वाटेत कमलम्मा रडत होती. रत्नम्मा डोळे कोरडे ठेवून रस्त्याकडं बघत होती.

वळसंगच्या पुढं इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. सिद्धप्पानं खटपट केली. जीप ढिम्म हलेना. सिद्धप्पाचा चेहरा पडला, आणि पंचाक्षरीला आतून अशा गुदगुल्या झाल्या की ओठ आवरेनात. तो हसला. तेवढ्यात रत्नम्मानं मान वळवली.

"अव्वा तिकडं वाट बघतीया," ती हळू म्हणाली, "अन् तुमाला हसू येतंय?"

"न्हाई गं, मी कुटं..."

"स्कूटर बी पेट्रोलपायी न्हाई सोडली तुमी. त्याला मिळू नये म्हनून सोडली. ठावं हाय मला. सहा वर्सं मी सोमवार मोजत हुते."

पंचाक्षरीचं तोंड एवढंसं झालं. ती खाली उतरली, पदर खोचला आणि एकटीच जीप ढकलू लागली. मग तोही उतरला. तिच्या शेजारी खांदा लावून, दात-ओठ खात त्यानं साडूची गाडी ढकलली. झटका बसला, धूर आला, इंजिन सुरू झालं. दोघं धावत मागं चढली.

"साडू, तुमी हुता म्हनून निघालो बगा!" सिद्धप्पा पुढून ओरडला, अगदी मनापासून.

पंचाक्षरीनं बायकोकडं पाहिलं. ती सरकून पार कडेला जाऊन बसली होती.