पाण्याबरोबर चढणारा भात

थोरल्या जाऊबाई नदीकडच्या सखल कोपऱ्यात तो लाल भात पेरायला निघाल्या, तेव्हा धाकटीने नाक मुरडलं. "जाऊबाई, पिकतो उशिरा, दाणे मोजके, कुसळं तर हाताची चाळण करतात. कशाला त्याचे एवढे लाड?"

"आजाऱ्याचा तांदूळ आहे तो," थोरली म्हणाली. "माझं मूल गेलं तेव्हा मी अंथरुणाला खिळले होते. पाणीसुद्धा पोटात ठरेना. सासूबाईंनी याचीच पेज चमच्याचमच्याने भरवली. मला तांदळाने उठवलं की त्यांच्या हातांनी, देव जाणे. पण याचं बी मोडू द्यायचं नाही."

धाकटीने बियाण्यासाठी ओंजळ पुढे केली आणि पेरायला वाकली.

भात गुडघ्याएवढा झाला आणि नदी फुगली. बांध फुटला, बघता बघता सगळं शिवार पाण्याखाली गेलं. घर उंचावर म्हणून वाचलं. दोघींचे नवरे बांधावर राबत होते, पण पाणी हटायचं नाव घेईना. कुजक्या भाताचा वास दारापर्यंत आला, तशी धाकटीने कपाळाला हात लावला.

"चल, होडी काढ," थोरली म्हणाली.

"कशाला? भात गोड लागला का, ते माशांना विचारायला?"

तरी तिने वल्हं घेतलं. वरच्या वाफ्यांत नुसता पानांचा काळा लगदा तरंगत होता. धाकटीने मान खाली घातली ती वर केलीच नाही. सखल कोपऱ्यात वल्हं तळाला टेकेना. तेवढ्यात होडीला काहीतरी सळसळत घासलं.

चहूकडे हिरवीगार पाती पाण्याबाहेर डुलत होती.

"हा... आपलाच?"

थोरलीने वाकून एक पातं बोटांत धरलं. "सासूबाई सांगायच्या, हा पाण्याबरोबर चढतो म्हणून. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांच्या गप्पा."

धाकटीने बाही सारून हात पाण्यात घातला. एक काडी धरून ती खाली खाली चाचपत गेली. खांदा भिजला तरी काडी संपेना. पेरापेरावर फुटलेल्या कोवळ्या मुळ्या बोटांना लागत होत्या, आणि त्याही खाली, अंधाऱ्या गाळात, तिने टाकलेला तो दाणा जमीन घट्ट धरून होता. हात बाहेर काढावासाच वाटेना.

पाणी पुरतं ओसरायच्या आतच ओंब्या भरल्या. थोरलीने होडीतूनच विळा चालवला, धाकटीने ओंब्या ओढून घेतल्या. शेजारणी बियाणं मागायला काठावर येऊन उभ्या होत्या.

धाकटीने एक ओंबी तळव्यावर चोळली, फुंकर मारली. लालबुंद दाणे उरले. त्यातला एक दाणा तिने चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला.

"काय गं?" थोरलीने विचारलं.

"एवढासाच आहे हो, जाऊबाई."